तक्क्याची गुरगुर

६ जुलै

आज मुलाकडे येऊन पोचले. सूनबाईला सातवा महिना लागलाय आणि तिची आई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे अंथरुणावर, म्हणून मला बोलावणं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, जमेल का तुला?" मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवून लगेच माळ्यावरची बॅग काढली. हे त्याला कळायची गरज नाही.

दार सूनबाईने उघडलं, पण तिच्या आधी बाहेर आलं ते एक डोकं. एवढं मोठं डोकं मी कुत्र्याच्या धडावर पाहिलं नव्हतं. काळपट अंग, छाती पेटीसारखी, कान अर्ध्यात मोडलेले, आणि जबडा तर विचारूच नका. फोटोत पाहिला तेव्हा वाटलं होतं, फोटो फार जवळून काढला असेल. नाव तक्क्या. दिवसभर भिंतीला टेकून पडलेला असतो म्हणून तक्क्या, असं सूनबाई हसत हसत म्हणाली.

"काही करत नाही हो आई तो. नुसता वास घेतो."

काही करत नाही! हे वाक्य प्रत्येक मालकाला कुत्र्याबरोबर फुकट मिळत असावं. आमच्या पट्ट्यांच्या कारखान्यातही सुताच्या गठ्ठ्याबरोबर पुरवठादाराचं पत्र यायचं, की माल उत्तम आहे. मी जन्म काढला चाचणी विभागात. उंचावर चढून काम करणारी माणसं कमरेला पट्टा बांधतात, तो यंत्राला लावून तुटेपर्यंत ओढायचा, कुठे तुटतो ते बघायचं, हे माझं काम. पत्र कोण वाचतो?

त्याने माझ्या हाताचा वास घेतला, बॅगेचा घेतला, आणि माझ्या खोलीच्या दारात जाऊन आडवा झाला. पाळत ठेवायला, दुसरं काय.

९ जुलै

ह्याची जात कोणती ते घरात कोणालाच माहीत नाही! सूनबाईने लग्नाआधी तो अनाथ जनावरांच्या संस्थेतून आणलेला. संस्थेने कार्डावर लिहिलंय, "मिश्र".

"मिश्र म्हणजे कशात काय मिसळलंय?" मी विचारलं.

मुलगा म्हणाला, "अगं आई, त्याची आई रस्त्यावरची असणार, बाप असेल कुणीतरी. तो काय जन्माचा दाखला घेऊन आलाय?"

सूत कुठून आलं ते माहीत नसेल तर आम्ही गठ्ठा फोडतसुद्धा नव्हतो. इथे तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत ह्याच घरात बाळ निजणार आहे.

दुपारी जिन्यात शेजारीण भेटली. बाई बोलकी. आवाज खाली आणून म्हणाली, "पिटबुल आहे हो तो. मी ह्यांच्या तोंडावर बोलत नाही, शेजारधर्म असतो. पण त्यांचा जबडा एकदा बसला की कुलूप लागतं म्हणे." ती हे सांगत असतानाच तिचा पांढरा झुबकेदार कुत्रा, कापूस नाव त्याचं, तिच्या पायांमधून आला आणि माझ्या टाचेला कडकडून चावला. रक्ताचा थेंब आला. "अगंबाई! लाडात आलाय. माणूस आवडलं की असंच करतो. इंजेक्शनं सगळी झालेली आहेत हं त्याची." आम्ही दोघी हसलो. मी घरी येऊन टाच साबणाने धुतली, मलम लावलं. मुठीएवढा जीव, त्याचं काय मनावर घ्यायचं.

पण पिटबुल!

१४ जुलै

तक्क्याला लस द्यायची होती. मीही बरोबर गेले. प्राण्यांची डॉक्टरीणबाई तरुण आहे, केस विंचरायला वेळ न मिळाल्यासारखी. मी आडपडदा न ठेवता विचारलं, ही जात चावरी आहे का.

"काकू, तोंड बघून कुत्र्याची जात सांगणं म्हणजे नाक बघून माणसाचं आडनाव सांगणं. मी सांगेन, पण बहुतेक चुकेन."

"मग हा चावणार नाही असं लिहून द्या."

"ते मी कोणत्याच कुत्र्याबद्दल देणार नाही. दात आहेत म्हणजे चावू शकतो. मोठा कुत्रा चावला तर जखम मोठी, तेवढा फरक खरा आहे, तो मी नाकारत नाही. बाकी घरात त्याला कसं वागवतात, आणि त्याचं म्हणणं कोणी ऐकतं की नाही, ह्यावर असतं."

"त्याचं म्हणणं?"

"कुत्री आधी सांगतात, काकू."

मला हसू आलं. थोडक्यात बाईंनी अंग काढून घेतलं. लिहून द्यायची वेळ आली की शिकलेली माणसं अशीच बोलतात, धड हो नाही आणि धड नाही नाही. परतताना सूनबाई तक्क्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होती आणि तो शेपूट हलवत होता. त्यांचं काहीतरी संगनमत आहे असं मला उगीचच वाटलं.

१९ जुलै

मुलगा जेवताना म्हणाला, "आई, बाळ झाल्यावर परत कशाला जातेस? ती भाड्याची खोली सोडून दे. इथेच राहा कायमची." मी सूनबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "खरंच राहा, आई." चेहरा तपासून बघितला, मनापासून म्हणत होती असं वाटलं. हे गेल्यापासून मला कोणी "राहा" म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, बघते. मग भांडी घासताना नळ जरा मोठाच सोडला, म्हणजे नाक ओढलेलं ऐकू जाऊ नये.

आता हे घर माझंही झालं म्हणजे जबाबदारीही माझी. बाळाला कळत नसतं. ते कान ओढणार, डोळ्यात बोट घालणार, ताटलीत हात घालणार. तेव्हा हा काय करील? कोणालाच माहीत नाही, कारण कोणी बघितलेलं नाही. सगळे त्याला जपून वागवतात. खुंटीला टांगलेला पट्टा कधीच तुटत नाही, म्हणून काय तो मजबूत?

म्हणून ठरवलंय. बाळ यायच्या आत मी बघून घेणार. सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, मुलगा लिफ्ट दुरुस्त करत गावभर फिरतो, संध्याकाळपर्यंत घरात मी आणि तो. त्यांना सांगायचं नाही. चाचणी करणाऱ्याने मालवाल्याला विचारत बसायचं नसतं.

२० जुलै

ताटली. खात असताना काढून घेतली. तो बाजूला झाला, तोंड भिंतीकडे वळवलं, जीभ ओठांवरून फिरवली. दिली, परत काढली. तेच. पास. पण तोंड भिंतीकडे असलं तरी डोळ्याचा पांढरा कोपरा माझ्या हातावर होता, हे नोंदवून ठेवते.

२४ जुलै

आज कान आणि शेपूट. आधी हळू, मग बाळ ओढील तसं, मग त्याहून जरा जास्त. बाळ मोठं होणारच की. एवढं चाललंय आणि ह्याला जांभया! एकामागून एक. इतकं निगरगट्ट जनावर मी पाहिलं नाही. नंतर टेबलाखाली जाऊन बसला. रांगतं मूल टेबलाखालीही जातं, म्हणून गळ्यातल्या पट्ट्याला धरून बाहेर ओढला आणि पुन्हा केलं. पास.

शेपूट पायांत घालून चालायची नवीन सवय लागलीय त्याला. सवयी उगाच लागत नाहीत. मनात काहीतरी शिजत असणार.

३० जुलै

तो झोपेत असताना फोनवर बाळाच्या रडण्याचा आवाज त्याच्या कानाशी लावला. ताडकन उठला, मोरीत जाऊन बसला, थरथरत होता. हे वाईट लक्षण आहे की चांगलं, मला ठरवता येईना. यंत्राला काटा असायचा, ह्याला काटा नाही.

दुपारी ह्यांची आठवण आली. कारण काही नाही, मुलाच्या कपाटात त्यांचा जुना स्वेटर सापडला एवढंच. पलंगाच्या कडेला बसून रडले थोडी. तर हा मोरीतून आला. दारात थांबला, मग पोट जमिनीला लावत लावत जवळ आला आणि ते भलंमोठं डोकं माझ्या पावलावर ठेवून गप्प पडून राहिला. बिस्किट हवं असणार. माझ्या पदरात बिस्किट नव्हतं तरी उठेना. अंग गरम होतं त्याचं.

मग वाटलं, संधी बरी आहे, आता तो सावध नाही. म्हणून कान ओढून बघितला. तो उठून गेला. काही केलं नाही त्याने. पण मला दिवसभर चैन पडलं नाही. मी चुकीची वेळ निवडली की काय? की निकाल हवा होता तो मिळाला नाही म्हणून?

३ ऑगस्ट

गुरगुरला! शेवटी गुरगुरला. ताटलीशी मी नुसती वाकले होते, हात लावलाही नव्हता. घशातून, खोल, जात्याच्या घरघरीसारखा आवाज. माझ्या अंगावर काटा आला आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माझा संशय खोटा नव्हता. वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर दोन दिल्या आणि ओरडले. गप्प झाला.

संध्याकाळी सांगितलं. मुलगा म्हणाला, "गुरगुरला? कशावरून?"

"उगाच."

"उगाच कसा गुरगुरेल?"

"मला काय विचारतोस, त्याला विचार."

सूनबाईने तक्क्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "आई, तो चार वर्षांत कधी गुरगुरला नाही." म्हणजे मी खोटं बोलते? असं ती म्हणाली नाही. पण बघितलं तसंच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, आणि इथे तर सासू कार्टं आणि कुत्रा बाब्या!

१२ ऑगस्ट

एका आठवड्यात गुरगुर बंद. मी बंद केली. रोज ताटलीशी वाकायचं, आवाज आला की गुंडाळी. आता मी ताटली उचलते, ठेवते, ढवळते, तो खांबासारखा उभा. हूं नाही की चूं नाही. कारखान्यात असा सुधारलेला निकाल आला असता तर साहेबांनी पेढे नाहीत, तरी निदान चहा पाजला असता. इथे सांगायची सोय नाही.

सूनबाई आज म्हणाली, "आई, तक्क्या तुमच्या खोलीवरून जातच नाही हल्ली. गॅलरीत जायला स्वयंपाकघरातून वळसा घालतो. काही झालं का?" मी म्हटलं, "चोराच्या मनात चांदणं. गुरगुरल्याची लाज वाटत असेल." ती काहीतरी बोलणार होती. पण माझ्यासाठी दूध गरम करायला गेली.

२ सप्टेंबर

भाड्याची खोली सोडली. सामान भाच्याने विकलं ते विकलं, उरलेलं वाटून टाकलं. आता माझा पत्ता हाच.

२५ सप्टेंबर

नात झाली! पहाटे कळा सुरू झाल्या, दुपारी सुटका. नाक ह्यांचं घेतलंय, कपाळ सूनबाईचं, आणि ओरडणं कोणाचं ते मुलगा म्हणतो सांगायची गरज नाही. माझ्या हातात दिली तेव्हा तिने माझं बोट धरलं आणि सोडेना. ह्यापुढे मला काही नको.

२८ सप्टेंबर

बाळ घरी आलं. तक्क्याने लांबूनच दुपट्याचा वास घेतला आणि सूनबाईने सांगितलं त्या जागी जाऊन बसला. मी सबंध वेळ मध्ये उभी होते. आता चाचण्यांना वेळ नाही आणि गरजही नाही. तयार केलाय मी त्याला.

१६ ऑक्टोबर

घडलं तसं लिहिते.

सकाळी सूनबाई बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात होती. तक्क्या खात होता. पाण्याचं भांडं रिकामं दिसलं म्हणून ती वाकली, मोकळ्या हाताने त्याची ताटली जराशी सरकवली. चार वर्षं रोज सरकवत आली असेल. त्याने तिचा हात धरला. मनगटाच्या वर. आवाज नाही, इशारा नाही, काही नाही. धरला, आणि लगेच सोडला. कुलूप वगैरे काही लागलं नाही. पण एवढ्यानेही मांस उघडं पडलं. बाळ खांद्यावरून निसटता निसटता तिने कोपराने आवळलं. मी धावले, बाळ घेतलं. बाळाला ओरखडाही नाही.

टाके पडले. हात गळ्यात बांधलाय. तक्क्या मोरीत जाऊन बसलाय तो बाहेर यायला तयार नाही, आणि त्याने मोरीतच घाण केलीय.

शेजारीण येऊन गेली. "मी म्हटलं नव्हतं?" असं तिने तीनदा म्हटलं. मीही म्हटलं होतं. माझा संशय खरा ठरला. मग मला हायसं का वाटत नाही?

१७ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई घरी आल्या. मोरीच्या दाराशी उकिडव्या बसून बराच वेळ त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "न गुरगुरता चावला, हे मला पटत नाही. आणि पटलं तर फार वाईट आहे. इशारा देणाऱ्या कुत्र्याबरोबर राहता येतं. इशारा न देता चावणाऱ्याला बाळाच्या घरात ठेवा, असं मी सांगणार नाही. आणि अशा कुत्र्याला दुसरं कोणी घेणारही नाही."

"म्हणजे?" मुलाने विचारलं.

बाईंनी मोरीकडे बघून मान हलवली.

मग त्यांनी विचारलं, "खाताना कोणी त्याला त्रास द्यायचं का? गुरगुरला म्हणून कोणी मारलं?" प्रश्न सगळ्यांना होता, पण बघितलं माझ्याकडे. मी म्हटलं, "छे! कोण मारणार?" माझा आवाज मलाच कोणा परक्या बाईचा वाटला.

सूनबाई म्हणाली, "मालकीण मी आहे. आणला मी, लाडावला मी. जे काय असेल ती जबाबदारी माझी." आणि मग ती रडली, तोंड उशीत घालून, टाक्यांचा हात वर धरून. लग्नात माहेर सोडतानासुद्धा ती रडली नव्हती.

शुक्रवारी इंजेक्शन द्यायचं ठरलंय. झोपेचं, कायमच्या.

१९ ऑक्टोबर

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला सगळीकडे खवखवतंय. मुलगा "आई, चहा" म्हणाला तरी वाटतं, ह्याला कळलं. सूनबाई माझ्याकडे बघते, नजर काढून घेते. हिला संशय आहे की मलाच तिचा संशय आहे, ते सांगता येत नाही.

आज दोघं बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेली तेव्हा मी मोरीशी गेले. हातात ताटली होती, भात आणि अंडं. खाऊ दे बिचाऱ्याला, एवढंच मनात होतं. मला बघितल्याबरोबर तो कोपऱ्यात सरकला, भिंतीला पाठ घासत, अजून मागे जायला जागा नसताना मागे जात राहिला. तोंड फिरवलं. जीभ फिरवली. मग मोठी थोरली जांभई दिली. त्याला झोप येत नव्हती. हे आज मला दिसलं. घाबरलेलं माणूस आवंढा गिळतं, तसं होतं ते. मी ताटली खाली ठेवून मागे झाले. मी खोलीतून बाहेर पडेपर्यंत त्याने तोंड लावलं नाही.

सांगितलं तर मुलगा काय म्हणेल? माझी खोली गेली, भांडीकुंडी गेली. जाऊ कुठे? नात हातची जाईल. नाही सांगितलं तर शुक्रवारी एक कुत्रा जाईल. कुत्राच तर आहे, आणि चावलाय हेही खरं आहे. रस्त्यावर रोज मरतात. हे सगळं मी स्वतःला नीट समजावून सांगितलं. कोर्टात वकील सांगतो तसं. आणि तरी ते पावलावरचं गरम डोकं काही केल्या जाईना.

२० ऑक्टोबर

सांगितलं.

जेवणाच्या टेबलाशी, चहा व्हायच्या आधी, कारण चहा झाल्यावर माझा धीर गेला असता. सगळं सांगितलं. ताटली, कान, शेपूट, रडण्याचा आवाज, वर्तमानपत्राची गुंडाळी. "तो गुरगुरायचा. ते मी बंद केलं. मला वाटलं, सुधारला."

मुलगा टेबलाच्या कडेवर नख घासत होता. तो रोज लिफ्टच्या विहिरीत कमरेला पट्टा बांधून लोंबकळतो. मग म्हणाला, "आई, ओढून झालेल्या पट्ट्याचं तुम्ही काय करायचात?"

"कापायचो. भंगारात."

"का? न तुटलेलाही?"

"न तुटलेलाही. तो दिसायला नवा असतो, पण आतून गेलेला असतो. तो माणसाच्या कमरेला द्यायचा नसतो." हे मी म्हणत होते, तेव्हाच मला कळत होतं मी काय म्हणतेय. हजार नगांतून एक घ्यायचा, त्याच्यावर सगळा ताण काढायचा, आणि तो टाकून द्यायचा. इथे नग एकच होता. तोच ओढला आणि तोच बाळाशेजारी ठेवला.

"आई," मुलगा म्हणाला, "तिच्या हातात तेव्हा बाळ होतं."

एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

सूनबाई उठली, एका हाताने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला दिसत होतं आई. तो तुमच्या खोलीला वळसा घालायचा तेव्हाच दिसत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही. सासूला कसं विचारायचं, असं वाटलं. कुत्रा माझा होता, मी विचारायलाच हवं होतं." ती मला शिक्षा देत नव्हती, स्वतःला देत होती. ते ऐकणं जास्त कठीण गेलं.

२१ ऑक्टोबर

शुक्रवार. इंजेक्शन दिलं नाही. डॉक्टरीणबाई आल्या, माझ्याकडून पुन्हा सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं. मध्ये एकदाही च्च केलं नाही. शेवटी म्हणाल्या, "त्याने तुम्हाला खूप वेळा सांगितलं, काकू. तोंड फिरवून सांगितलं, जांभई देऊन सांगितलं. ऐकू गेलं नाही म्हणून गुरगुरला. ते बोलणंही तुम्ही बंद केलंत. मग त्याच्याकडे दात सोडून उरलं काय?"

"आता तो पहिल्यासारखा होईल?"

"माहीत नाही. प्रयत्न करता येईल. खोटा दिलासा देणार नाही. चावला आहे, मोठा आहे, आणि घरात तान्हं मूल आहे."

अटी सांगितल्या. घरात तोंडाला जाळी. खाणं वेगळ्या खोलीत, दार लावून, त्याचं तो. शिकवणारा माणूस आठवड्यातून येणार. आणि बाळ त्याच्याजवळ एकटं क्षणभरसुद्धा ठेवायचं नाही, किती का सुधारेना. पुन्हा चावला तर मग नाही. सूनबाई प्रत्येक अटीला मान हलवत होती. बिल भरते तशी, एकेक.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "मी जाते. भाच्याकडे थोडे दिवस राहीन, मग बघेन कुठेतरी."

सूनबाई म्हणाली, "जाऊ नका. तिला आजी हवी." मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात, राग नसलेल्या, "पण आई, बाळाला तुमच्याजवळ एकटं ठेवणार नाही मी. रागावून म्हणत नाही. तुम्ही वाईट आहात असंही म्हणत नाही. मला भीती वाटते."

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? तिच्या जागी मी असते तर एवढंही म्हटलं नसतं. सरळ घालवलं असतं.

३ नोव्हेंबर

शिकवणारा म्हणतो, तक्क्याशी तुम्ही बोलायचं नाही, हात लावायचा नाही, बघायचंही नाही. तो आपणहून आला तर आला. काल त्याने स्वयंपाकघराचा वळसा न घालता माझ्या दारावरून जायचं धाडस केलं. भराभर, खाली मान घालून. मी पुस्तकात डोकं घालून बसले. हा मला फसवत तर नाही, असं एकदा मनात आलंच. जन्माची सवय.

शेजारणीच्या कापसाने पेपरवाल्याची पोटरी फोडली. "लाडात आला," ती म्हणाली. मी म्हटलं, "अहो, लाडात नाही. त्याला नको असतं ते. डॉक्टरला दाखवा." तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पोटरी फोडलीय. तेव्हापासून बोलत नाही.

११ नोव्हेंबर

सूनबाई आंघोळीला जाते तेव्हा बाळाची टोपली बाथरूमच्या दाराशी ओढून नेते. हाताचे टाके निघाले तरी जोर नाही अजून, तरी ओढते. मला उचलायला सांगत नाही. दार अर्धं उघडं ठेवते आणि पाण्याच्या आवाजातही ऐकू जाईल अशा मोठ्याने बाळाशी गप्पा मारत राहते. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, तक्क्या पलीकडच्या खोलीत जाळी घालून, बंद दाराआड.

आज बाळ रडलं. साधं, भुकेचं रडणं. मला ते कळतं, मी एक वाढवलेलं आहे. मी उठले. माझी खुर्ची करकरली, आणि आतला नळ बंद झाला.

आत सूनबाई ओल्या अंगाने उभी असेल, कान देऊन. बाळ रडत होतं. मी तशीच उभी राहिले, मग मुद्दाम, खुर्ची वाजेल अशी, परत बसले.

थोड्या वेळाने नळ पुन्हा सुरू झाला.